सहीचं पेन

मोडलेली वस्तू दुरुस्त होते, यावर माझा पूर्वी विश्वास होता. आता नाही. आमच्या खाटेचा एक पाय सुटला आहे, त्याखाली वीट लावून मी सुखानं झोपतो. सरोजिनी, म्हणजे माझी बायको, अधूनमधून म्हणते, "अहो, सुताराला बोलवा ना." मी कूस बदलतो. खिळा ठोकून खाट नीट होईल, हे खरं. पण खिळा ठोकल्यावर आणखी काय काय उघडं पडेल, याची हमी कोणता सुतार देतो?

हे शहाणपण मला माझ्या सासऱ्यांच्या फाउंटन पेनानं दिलं.

माझे सासरे बापूसाहेब देगलूरच्या तहसिलीत पेशकार होते. पेशकार म्हणजे तहसीलदाराच्या शेजारी बसून त्याच्यापुढे कागद सरकवणारा माणूस. कोणता कागद सरकेल आणि कोणता गठ्ठ्याखाली मुरत पडेल, हे तहसीलदारापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असतं. वजिफा सुरू झाल्यावर, म्हणजे नोकरी संपून सरकार घरबसल्या पगार देऊ लागल्यावर, ते नांदेडला आमच्याकडे राहायला आले. त्यांना मुलगा नव्हता. होती ती सरोजिनी, आणि तिच्यासोबत आलेला मी. येताना त्यांनी एक ट्रंक आणली, एक पानाचा डबा आणला, आणि शेरवानीच्या वरच्या खिशात ते काळं पेन. पुण्याकडची मंडळी फाउंटन पेनाला झरणी म्हणतात असं ऐकतो. बापूसाहेबांच्या पेनाला झरणी म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

त्या पेनाचं आता एकच काम उरलं होतं. निजाम सरकारचा नियम असा की दरसाल आजूर महिन्यात, फसली साल सुरू झालं की, वजिफादारानं जातीनं खजिन्यात हजर व्हायचं, आपण जिवंत आहोत असं लिहिलेल्या कागदावर सही करायची. अहलकार, म्हणजे तिथला कारकून, ती सही जुन्या नमुन्याशी ताडून बघणार. सही जुळली तर माणूस जिवंत. माणूस समोर उभा राहून खोकतोय, हा पुरावा सरकारला पुरत नाही.

आणि बापूसाहेबांची ती उर्दू सही काय वर्णावी! उजवीकडून निघायची, मधे दोनचार गिरक्या घ्यायची, आणि शेवटी एक लांब फराटा डावीकडे जाऊन असा मागे वळायचा की सरदारानं पागोट्याचा शेमला खांद्यावरून मागे टाकावा. देगलूर तालुक्यात ती सही बघून लोक उठून उभे राहत, असं सरोजिनी सांगते. मी सासुरवाडीच्या गोष्टीतलं निम्मं वजा करतो, तरी निदान बसल्याबसल्या सावरून बसत असतील.

दुसरी मोठी लढाई नुकती संपली होती आणि आजूर तोंडावर आला होता. एका सकाळी बापूसाहेब बैठकीत त्यांच्या उतरत्या मेजापाशी बसले होते. टक् असा आवाज आला. मी धावत गेलो. पेन शहाबादी फरशीवर निबेच्या तोंडावर पडलं होतं, आणि त्याच्याभोवती शाईचं तळं. बापूसाहेब पेनाकडे बघतच नव्हते. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, शाई लागली असेल.

निबेचं टोक पोपटाच्या चोचीसारखं वाकलं होतं, आणि ज्यात शाई भरतात त्या दांड्याला टोकापर्यंत चीर गेली होती.

"काळजी करू नका," मी म्हणालो, "मी करतो नीट."

"राहू द्या जावईबापू," ते म्हणाले, "जुनं झालं होतं."

सासऱ्यानं नको म्हटलं म्हणजे ती भीड असते, असं आपल्याकडे जावयाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. शिवाय मी अडत दुकानात कारकून. तिथे मला सगळे 'मुनीम' म्हणतात आणि वजनकाट्याच्या तक्रारी माझ्याकडे आणतात. घरात काहीतरी कर्तबगारी दाखवायची संधी मी कशी सोडू? बाजारात नवी निब मिळेल म्हणून आधी सगळी दुकानं हिंडलो. लढाई संपली होती, पण निबा अजून लढाईवरून परतल्या नव्हत्या. मग मी घरीच बसलो, आणि सरोजिनीच्या पानाच्या तबकातला अडकित्ता घेतला.

अडकित्त्यानं सुपारी कातरतात. निब सरळ करत नाहीत. हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण ते मला समजेपर्यंत निबेच्या दोन पाकळ्यांपैकी एक दुसरीवर चढून बसली होती.

नेमके तेव्हाच आमचे शेजारी शेषेराव आले. मुखेडकडे त्यांची शेती आणि नांदेडात त्यांचा दावा. दावा शेतीपेक्षा जोमानं वाढला, म्हणून त्यांनी इथेच घर केलं. माणूस मोठा प्रेमळ, अक्षरशत्रू, आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं: घासलेट. बैलाच्या खुराला घासलेट, दाराच्या बिजागरीला घासलेट, अंगावर पित्त उठलं तरी घासलेट.

"काय करून राहिले पंत?"

"पेन दुरुस्त करतोय."

"रातभर घासलेटात ठिवा. लई झ्याक व्हतंय."

"शेषेराव, चीर पडलीय. गंज नाही चढला."

"चीर बी जाती," ते म्हणाले, आणि पेन हातात घेऊन एकदम हळवे झाले. "ह्ये पेन म्या वळखतो, पंत. आमच्या वाटणीच्या कागदाला देगलूरला गेलतो तवा बापूसाहेबांनी माझा अंगठा हातात धरलता. म्या भ्यालो, अंगठा ताठच केला. तर म्हनले, 'ढिला सोडा, ढिला सोडा, नांगर न्हाई धरायचा.' आन मंग ह्याच पेनानं अंगठ्याच्या बाजूला माझं नाव लिवलं. मला वाचता न्हाई आलं, पर देखणं हाय येवढं कळलं."

आत बैठकीत बापूसाहेब खाकरले. शेषेरावांनी आवाज खाली घेतला आणि पुन्हा घासलेटावर आले.

मी त्यांना हसलो, आणि ते गेल्यावर पेन घासलेटात ठेवलं. घासलेट तेव्हा रेशनवर मिळे. सरोजिनीनं कंदिलाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. चीर होती तिथेच राहिली. घरभर मात्र असा वास सुटला की बापूसाहेबांच्या शेरवानीजवळ कुणी विडी पेटवू नये, असं मला वाटू लागलं.

मग सरोजिनीनं सुचवलं की चीर लाखेनं बुजवावी. बांगड्यांच्या लाखेरी बाईकडे गेलो. तिनं मन लावून चीर बुजवली, पण तिच्याकडे लाख होती ती लाल. काळ्या पेनावर लाल पट्टा आला. तेही चाललं असतं. पण पेनात पाणी भरून, गळत नाही हे बघून मी विजयी मुद्रेनं ते बापूसाहेबांच्या खिशात लावलं, आणि ते उन्हातून विष्णुमंदिरापर्यंत जाऊन आले. लाख मऊ झाली. पेन खिशाला चिकटलं. शेवटी कात्रीनं खिशाचा तुकडा कापून पेन सोडवावं लागलं. शेरवानीला ठिगळ लागलं आणि पेनाला कापडाचा तुकडा.

आश्चर्य म्हणजे बापूसाहेब खुशीत होते. "राहू द्या आता," ते पुन्हा म्हणाले, आणि बशीतला चहा प्यायले. बराचसा धोतरावर सांडला. हल्ली तो रोजच सांडे. आमच्याकडच्या बशा उथळ आहेत, असं माझं मत झालं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून बापूसाहेब आनंदी दिसतात, असं मी समजलो, आणि मला जास्तच चेव आला.

त्याच आठवड्यात दुकानाच्या कामानं लातूरला जायचं निघालं. पूर्णा, परभणी, परळी असे रूळ बदलत लातूर रोडला उतरायचं आणि तिथून मोटारीत कोंबून घ्यायचं, हा प्रवास करणाऱ्याला दुसऱ्या कुठल्या प्रायश्चित्ताची गरज राहत नाही. गंजात संगप्पा नावाचा घड्याळजी पेनंही दुरुस्त करतो असं कळलं होतं. त्याच्या दुकानात भिंतीवर घड्याळंच घड्याळं, आणि प्रत्येकाचा वक्त निराळा. खरं तर मी तिथूनच परतायला हवं होतं.

संगप्पानं पेन उघडलं, लाल लाख पाहिली, कापडाचा तुकडा पाहिला, आणि हुंगलं.

"अय्यो स्वामी, ह्ये पेन हाय का घासलेटाची चिमणी?"

मग त्यानं एक बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात मेलेल्या पेनांचे अवयव होते. दांडे, टोपणं, मानेचे तुकडे, निबा, आणि निबेखाली बसते ती शाई सोडणारी जीभ. एकेक उचलून तो मला त्यांची कुळकथा सांगू लागला.

"ही निब निलंग्याच्या सावकाराची. सोन्याचं पाणी हाय. सावकार वारला, पोरानं इकली. ही जीभ औशाच्या वकिलाची. वकील बी गेले. दांडा हाय तो कीर्तनकार बुवांचा, ते बी गेले बघा गेल्या पटकीत."

"जिवंत माणसाचं काही आहे का?"

"जित्ता मानूस पेन कशाला इकल?"

कीर्तनकाराच्या दांड्यात वकिलाची जीभ बसली, तिच्यावर सावकाराची निब चढली, आणि वर बापूसाहेबांचं टोपण. संगप्पानं कागदावर ॐ काढला. सुरेख आला.

"जुना माल कारागिराचा," तो म्हणाला. "आमच्या धंद्याची तशी रीतच हाय. वैद्य उपटलेला दात माघारी देतो का?"

मला ते पटलं. वाकडी निब बघून तर मी म्हणालो, "टाकून द्या ती." हे तीन शब्द मी पुढे फार आठवले.

नांदेडला बापूसाहेबांनी पेन हातात घेऊन फिरवलं. "टोपण ओळखीचं वाटतं," एवढंच म्हणाले. घरी सही करून बघा म्हटलं तर म्हणाले, घरी सही कशाला, मी घरात जिवंत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

खजिन्यात गेलो. अहलकार तरुण होता, रुमी टोपी घातलेला, अदबीनं बोलणारा. त्यानं उठून बापूसाहेबांना खुर्ची दिली. बापूसाहेब ऐटीत बसले, टोपण काढलं, सही केली. फराटा निघाला तो वाटेत अडखळत, कचरत, कागदावर शिंतोडे उडवत कसाबसा डावीकडे पोचला आणि मागे वळायचं विसरून गेला.

अहलकारानं जुना नमुना शेजारी ठेवला. बराच वेळ बघत राहिला.

"पेशकारसाब, माफी चाहता हूँ. दस्तखत नै मिलती."

बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "निब परायी है."

हे कारण सगळ्यांना इतकं आवडलं की काय सांगू! अहलकाराला आवडलं, त्याच्या वरच्या सरिश्तेदाराला आवडलं, मला तर फारच आवडलं. सावकाराची निब, जन्मभर डावीकडून उजवीकडे मोडी लिहून झिजलेली. ती उलट्या दिशेनं कशी धावेल? सरिश्तेदारांनी तर एक जुनी हकीकत सांगितली की निब म्हणजे घोडी, परक्याला पाठीवर बसू देत नाही. ठरलं असं की महिना अजून बाकी आहे, पेशकारसाहेबांनी आपलं अस्सल कलम घेऊन यावं.

"और नै मिली तो?" मी विचारलं. मला असले प्रश्न विचारायची खोड आहे.

"तो फिर क्या," अहलकार खाली बघत म्हणाला, "निशान-ए-अंगूठा."

बापूसाहेब इतक्या झटकन उठले की काठी पडली. ज्यानं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे अंगठे धरून कागदावर टेकवले, सही न येणाऱ्या बड्या जमीनदारांनासुद्धा ज्यानं चष्म्यावरून बघत घाम फोडला, त्याच्यापुढे कुणीतरी अंगठ्याचं नाव काढलं होतं. घरी आल्यावर सरोजिनीला म्हणाले, "मी पुन्हा तिकडे जाणार नाही. कागदावर मेलो तर मेलो."

सरोजिनी स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "अहो, वजिफा गेला तर जाऊ द्या. पण बाबांना अंगठा लावायची वेळ येता कामा नये. त्यांना ते सोसायचं नाही. तुम्ही काहीही करा."

लग्न झाल्यापासून तिनं मला 'काहीही करा' असं कधी म्हटलं नव्हतं. 'काही करू नका' असंच म्हणायची. मी दुकानातून रजा काढून लातूर गाठलं.

"ती निब?" संगप्पा म्हणाला. "अय्यो, ती तर बेस सरळ झाली की! दोन टोले हानले, झालं."

"मग मला का नाही दिली?"

"तुमीच म्हनलाव की, टाकून द्या म्हनून."

निब त्यानं उदगीरच्या गुंडप्पाच्या पेनात बसवली होती. गुंडप्पा अर्जनवीस. लोकांचे उर्दू अर्ज लिहून देण्याचा त्याचा धंदा. बापूसाहेबांची जीभ मात्र डब्यातच पडून होती. ती वकिलाच्या जिभेच्या बदल्यात मागून घेतली, चिरलेला दांडा केव्हाच वितळवून घड्याळाच्या किल्लीची मूठ झाला होता, त्याला नमस्कार केला, आणि उदगीरची गाडी पकडली.

गुंडप्पा कचेरीसमोर लिंबाखाली सतरंजी टाकून बसला होता. समोर एक म्हातारी बाई आणि तिची हरवलेली म्हैस, म्हणजे म्हशीचा अर्ज. मी माझी हकीकत सांगितली. त्यानं ऐकली, आणि पेन छातीशी धरलं.

"ह्ये निब मी देत न्हाई बघा. इचा मालक कोन व्हता ठाव न्हाई, पर मोठा मानूस असनार. मी नुसतं टेकवलं की 'जनाबे-आली' आपोआप येतंय. बघा, बघा तुमी."

आणि त्यानं लिहून दाखवलं. निब लोण्यातून गेल्यासारखी उजवीकडून डावीकडे गेली. एक शिंतोडा नाही, एक अडखळ नाही. माझा जीव भांड्यात पडला. निब शाबूत होती. सगळा अनर्थ सावकारानं केला होता.

गुंडप्पानं सौदा केला तो असा की निबेच्या बदल्यात त्याला माझ्या खिशातलं पेन पाहिजे. नुसती त्याची निब नव्हे, अख्खं पेन. ते मला लग्नात मिळालं होतं. दिलं कुणी? बापूसाहेबांनी. मी थोडी घासाघीस करून बघितली, तर गुंडप्पा म्हणाला, "तुमाला गरज हाय, मला न्हाई," आणि म्हशीकडे वळला. मी पेन दिलं. एका निबेसाठी अख्खं पेन देणारा अडत दुकानातला कारकून पंचक्रोशीत मी एकटाच असेन. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. परतीच्या वाटेवर पुन्हा लातूरला जाऊन संगप्पाकडून निब आणि जीभ बसवून घेतली. गाडीत मी बापूसाहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणत होतो. फार वर्षांनी मला कुणाला तरी आनंद द्यायला मिळणार होता.

घरी पोचलो तेव्हा ते बैठकीत होते. मी पेन दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"तुमची निब. उदगीरहून सोडवून आणली. माझ्यासमोर चालवून बघितली. अगदी पहिल्यासारखी आहे."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला.

मला वाटलं, थकले असतील. मी मेज पुढे ओढलं, कागद ठेवला, शाई भरून दिली. सरोजिनी दारात येऊन उभी राहिली. बापूसाहेबांनी पेन घेतलं आणि कागदावर टेकवलं. मी पहिल्यांदाच त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. मनगटापासून बोटांपर्यंत तो हात पिंपळाच्या पानासारखा हलत होता. त्यांनी डाव्या हातानं उजवा दाबून धरला. तरी हलत होता. फराटा निघाला तो पुन्हा तसाच, अडखळत, कचरत.

त्यांनी टोपण लावलं.

"निबेला बोल लावू नका," ते म्हणाले. "पेन पडलं त्या दिवशीच मला कळलं होतं. आपोआप नाही पडलं ते. बोटांतून सुटलं." मग म्हणाले, "मोडकं राहिलं असतं जावईबापू, तर बरं होतं. लोक म्हणाले असते, पेशकारांचं पेन मोडलं."

बशा उथळ नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. हल्ली सरोजिनी त्यांना सुपारी कातरून द्यायची, तेही मी बघत होतो आणि बापाचे लाड म्हणून सोडून देत होतो. त्या माणसाला लपायला एक मोडकं पेन मिळालं होतं, आणि मी मराठवाडाभर हिंडून, रेल्वे बदलून, माझं लग्नातलं पेन देऊन, ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं. मला त्या क्षणी संगप्पाच्या डब्यात जाऊन पडावंसं वाटलं.

सरोजिनीनं त्यांची शेरवानी आणली, ठिगळाची, आणि त्यांना चढवायला मदत केली. ते नको म्हणाले नाहीत. "चला," म्हणाले, "आता सबब राहिली नाही."

खजिन्यात अहलकारानं शाईची गादी पुढे केली आणि तो खिडकीतून बाहेर बघू लागला. त्याच्या आईबापांनी त्याला चांगलं वळण लावलं होतं. शिपाई रिवाजाप्रमाणे अंगठा धरायला पुढे झाला, तर बापूसाहेबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो मागे सरला. त्यांनी स्वतःच अंगठा गादीवर फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि तसाच कागदावर उमटवला. हात थरथरत होता, तरी ठसा स्वच्छ आला. त्या दफ्तरात इतका नेटका अंगठा दुसरा नसेल.

पण तेवढ्यानं भागत नाही. अंगठा कुणाचा आहे, हे साक्षर माणसानं शेजारी लिहावं लागतं. अहलकार माझ्याकडे बघू लागला. माझं पेन उदगीरला होतं. मी बापूसाहेबांच्या खिशातलं काढलं, आणि उर्दूत लिहिलं: निशान-ए-अंगूठा, बापूसाहेब, साबिक पेशकार, देगलूर. निब लोण्यातून गेल्यासारखी गेली. इतकं देखणं अक्षर मी जन्मात काढलं नव्हतं, आणि पुन्हा काढणारही नाही.

बापूसाहेब वाकून बघत होते.

"एक नुक्ता राहिला," ते म्हणाले.

मी अक्षरावर तो ठिपका दिला.

घरी आलो तेव्हा शेषेराव ओट्यावरच बसले होते. "काय झालं मंग पेनाचं?"

"झकास झालं," बापूसाहेब म्हणाले. "आमच्या जावईबापूंनी अगदी नव्यासारखं केलं. आज माझ्यासमोर चालवलं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. उजवा हात त्यांनी शेरवानीच्या खिशात घातला होता. पण बसताना तो ओट्याला टेकवावा लागला, आणि शेषेरावांनी काळा अंगठा पाहिला.

ते उठले आणि आपल्या घरात गेले. मला हायसं वाटलं. निदान सल्ला तरी टळला. पण ते परत आले, एका हातात चिंधी आणि दुसऱ्या हातात चिमणी. चिमणीतलं घासलेट चिंधीवर ओतून ते बापूसाहेबांच्या पुढ्यात उकिडवे बसले.

"पान्यानं जात न्हाई ती," ते हळूच म्हणाले. "म्या जलमभर लावून राहिलो, मला ठाव हाय."

बापूसाहेबांनी हात पुढे केला. अंगठा ताठ होता. शेषेरावांनी तो आपल्या मुठीत धरला.

"ढिला सोडा बापूसाहेब," ते म्हणाले. "ढिला सोडा."